ठाण्याची खाडी आणि आपलं प्लास्टिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही काही रहिवासी नवी मुंबईच्या खाडीकाठी कांदळवनात अडकलेलं प्लास्टिक काढायला जातो. मधल्या रविवारी सोसायट्यांमध्ये, शाळांमध्ये, मंडळांमध्ये जाऊन बोलतो. वाशीला विचारलेला प्रश्न पुढच्या आठवड्यात कळव्याला येतो, तोच पुन्हा नेरूळला. म्हणून हे प्रश्न आणि आमची उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न वाटतात तेवढे लहान नाहीत.

आम्ही ठाण्यात, कोपरखैरण्यात राहतो. आमच्याकडे समुद्र आहेच कुठे?

ट्रेनने वाशीचा पूल ओलांडताना खाली दिसतो, तो समुद्रच. ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. तिचं पाणी खारं आहे आणि दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी असते. दक्षिणेला ती घारापुरीच्या बाजूने मुंबई बंदरात मिसळते आणि पुढे अरबी समुद्र. उत्तरेला ठाण्याच्या वर ती अगदी अरुंद होते आणि एका चिंचोळ्या वाटेने उल्हास नदीला जोडली जाते.

ठाणेकरांना तर पाणी दोन बाजूंना आहे. पूर्वेला खाडी, आणि घोडबंदर रोडच्या पलीकडे उल्हास, जी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्यामुळे शहरातला कुठलाही नाला घ्या, तो या दोनांपैकी एकीकडे जातो. पुळण आणि नारळाची झाडं दिसली नाहीत की आपल्याला तो समुद्र वाटत नाही, एवढंच.

आमचा कचरा रोज घंटागाडीत जातो. मग तो खाडीत पोहोचतो कसा?

घरातून थेट घंटागाडीत गेलेला कचरा बहुतेक वेळा खाडीत जात नाही, हे बरोबर आहे. खाडीत जातं ते घराबाहेर आपल्या हातातून सुटलेलं. स्टेशनबाहेर चहा घेतला आणि कप कठड्यावर ठेवला. रिक्षातून उतरताना वेफर्सचं रिकामं पाकीट वाऱ्यावर गेलं. बाजार उठल्यावर भाजीच्या जागेवर पातळ पिशव्या राहिल्या. ओसंडलेल्या कुंडीतल्या पिशव्या कुत्र्यांनी फोडल्या. हे सगळं महिनोन्‌महिने रस्त्याच्या कडेला, गटाराच्या जाळीशी, रुळांच्या बाजूला पडून राहतं. जूनची पहिली मोठी सर आली की एका दुपारी ते हलतं.

नवी मुंबई एका उतारावर आहे. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला खाडी, मधे एमआयडीसीचा पट्टा, रेल्वे आणि आपल्या वसाहती. डोंगरातून निघालेला नाला कारखान्यांमधून, झोपडपट्टीच्या कडेने, आपल्या सेक्टरच्या मागून वाहत खाडीशी येतो. ठाण्यात येऊरच्या डोंगराकडून उतरणारे नाले असेच शहर ओलांडून पूर्वेला जातात. वरच्या माणसाने टाकलेलं खालच्याच्या दारातून जातं. म्हणून ‘कचरा अमुक वस्तीतूनच येतो’ असं कुणी म्हणालं की आम्ही त्यांना नाल्याच्या काठाने चालायला नेतो. बिसलेरीच्या बाटल्या, केकचे डबे, ऑनलाइन मागवलेल्या जेवणाची भांडी, कुरिअरची पाकिटं. हे कुणाच्या घरातलं असतं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

नवी मुंबईत यात आणखी एक टप्पा येतो. खाडीलगतचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने शहर वसवताना हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. भरती आली की त्यांच्या तोंडाशी असलेली झडपं पाण्याच्या दाबाने मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, आणि ओहोटीला झडपं उघडून ते खाडीत जातं. ही व्यवस्था आम्हाला फार सुंदर वाटते, कारण त्यात भरती-ओहोटीशी भांडण नाही, तिच्याच वेळापत्रकावर शहर चालतं. पण झडपेत प्लास्टिकचा बोळा अडकला की ती पुरती मिटत नाही. तलाव गाळाने आणि पिशव्यांनी भरला की पाणी मावत नाही. मग भरतीच्या वेळी पाऊस पडला तर ते रस्त्यावर येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशीचा पूर फक्त प्लास्टिकमुळे आला असं नाही, पण पाण्याच्या वाटा पिशव्यांनी तुंबल्या होत्या, आणि पातळ पिशव्यांवरची चर्चा राज्यात खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू झाली.

खाडीत गेलेलं प्लास्टिक शेवटी जातं कुठे? वाहून दूर समुद्रात जातं ना?

काही जातं. बरंचसं मात्र इथेच राहतं, आणि कसं राहतं ते समजून घेण्यासारखं आहे.

सगळं प्लास्टिक तरंगत नाही. दुधाची पिशवी, कॅरीबॅग, बाटलीचं झाकण पाण्यापेक्षा हलकं असतं. पाण्याची बाटली ज्याची बनते ते पीईटी पाण्यापेक्षा जड असतं. झाकण घट्ट असेल तोवर आतल्या हवेवर बाटली तरंगते. झाकण निघालं, पाणी शिरलं, की ती तळाच्या चिखलात जाते. हलक्या पिशवीवरसुद्धा काही दिवसांत शेवाळ धरतं, बारीक शिंपले चिकटतात आणि तीही जड होऊन बुडते. त्यामुळे पुलावरून तरंगताना दिसतं त्यापेक्षा न दिसणारं कितीतरी असतं.

जे तरंगतं ते भरतीबरोबर आत आणि ओहोटीबरोबर बाहेर असं झुलत राहतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं तेव्हा पाणी कांदळवनात खूप आतवर चढतं. वर आलेलं प्लास्टिक फांद्यांमध्ये, मुळांमध्ये अडकतं आणि पाणी एकटंच मागे फिरतं. पुढे आठवडाभराने भांग लागला, म्हणजे लहान भरतीचे दिवस आले, की पाणी तिथवर येतच नाही. ते प्लास्टिक उन्हात वाळतं, कडक होतं, हात लावला की तुकडे पडतात. पुढच्या उधाणाला पिशवी परत जात नाही, तिचे हजार तुकडे जातात. आम्ही पहिल्यांदा अशी पिशवी उचलायला गेलो आणि ती हातात चुरली, तेव्हा सफाईबद्दलची आमची समजूत बदलली. उशीर झाला की उचलायलाही काही उरत नाही.

जे बंदराबाहेर जातं त्यातलंही पुष्कळ पावसाळ्यातले वारे आणि लाटा किनाऱ्यावर परत आणतात. मोठ्या भरतीनंतर मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावर पसरलेला कचरा दरवर्षी आपण पाहतो.

जगातल्या सर्वाधिक प्लास्टिक वाहणाऱ्या नद्यांमध्ये उल्हासचं नाव आहे, हे खरं का?

हो. २०२१ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात उल्हासचा अंदाज जगातल्या अगदी वरच्या काही नद्यांमध्ये होता. त्या अभ्यासानुसार जगातल्या नद्यांतून वर्षाला ८ ते २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात जातं, आणि त्यातलं सुमारे ८० टक्के हजाराहून जास्त नद्यांमधून येतं. आधी लोक समजत होते की मूठभर महानद्यांनाच दोष आहे. या अभ्यासाने दाखवलं की शहरातून वाहणाऱ्या, समुद्राजवळच्या, जोरदार पावसाच्या लहान नद्या जास्त धोक्याच्या आहेत.

हा आकडा लोकसंख्या, कचऱ्याची व्यवस्था, पाऊस, समुद्राचं अंतर यांवरून मांडलेल्या गणिताचा आहे. तो उल्हासच्या मुखाशी वजनकाटा लावून मोजलेला नाही. पण राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी नदी कर्जतच्या वरच्या अंगाला किती निर्मळ असते आणि बदलापूर, कल्याण ओलांडून खाली येते तेव्हा तिचं काय झालेलं असतं, ते पाहायला गणित लागत नाही.

कांदळवन तर हिरवंगार दिसतं. प्लास्टिकने त्याला काय त्रास होतो?

ओहोटीच्या वेळी तिवराच्या झाडाखाली पाहा. चिखलातून बोटभर उंचीच्या काड्या वर आलेल्या दिसतील, एका झाडाभोवती शेकड्यांनी. ती श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड या काड्यांतून श्वास घेतं. त्यांच्यावर पिशव्यांचा थर बसला की झाड घुसमटतं. मोठं झाड तग धरतं. नव्याने रुजणारं रोप मात्र पिशवी अंगाला गुंडाळली गेली की प्रत्येक भरतीला ओढलं जातं आणि उपटतं. वरून हिरवं दिसणाऱ्या कांदळवनात खाली नवी रोपंच नाहीत, अशा जागा आम्ही पाहिल्या आहेत.

हेच कांदळवन लाटांचा जोर आणि गाळ अडवतं. त्याच्या मुळांत कोळंबीची, माशांची पिल्लं वाढतात, चिंबोऱ्या बिळं करतात.

फ्लेमिंगोंना प्लास्टिकचा धोका आहे का?

आहे. फ्लेमिंगो चोच उलटी करून पाणी-चिखल आत घेतो आणि चोचीतल्या गाळणीतून शेवाळ, बारीक जीव अडवून ठेवतो. ही गाळणी आकारावरून काम करते. शेवाळाच्या मापाचा प्लास्टिकचा कण तिला वेगळा ओळखता येत नाही. शिवाय मांजा आणि जाळ्यांचे तुटके धागे पायात अडकतात.

खाडीचा पश्चिमेकडचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला; नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर हा महाराष्ट्रातला तिसरा मान. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून हंगामात बोटीने फ्लेमिंगो पाहता येतात. मुलांना एकदा घेऊन जा. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांची सुरुवात त्या बोटीतूनच झाली.

खाडीत मासेमारी करणाऱ्यांवर याचा काय परिणाम होतो?

या पानावरचं हे उत्तर सगळ्यांनी वाचावं असं आम्हाला वाटतं, कारण प्लास्टिकची किंमत आज रोख मोजणारी माणसं तीच आहेत.

ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, ऐरोली, घणसोली, वाशीगाव, सारसोळे, दिवाळे ही गावं शहराच्या आधीची आहेत. इथले कोळी आणि आगरी बांधव पाग फेकतात, बोक्शी आणि डोल लावतात, चिखलातून निवटी आणि चिंबोऱ्या काढतात. डोल किंवा बोक्शी म्हणजे प्रवाहाकडे तोंड करून लावलेली पिशवीसारखी जाळी. पाण्याबरोबर जे येईल ते तिच्यात शिरतं. पूर्वी कोळंबी आणि बोय शिरायची, आता त्यांच्या आधी पिशव्या शिरतात. जाळीची छिद्रं बुजली की पाणी आरपार जात नाही, दाब येतो आणि जाळं फाटतं. होडीच्या मशीनच्या पंख्यात पिशवी गुंडाळली गेली की भर पाण्यात मशीन बंद पडतं आणि भरतीची वेळ हातची जाते. किनाऱ्यावर आल्यावर मावरं निवडायला लागायचा तेवढाच वेळ आता कचरा निवडायला लागतो. ते काम बहुतेक घरातल्या बायका करतात, बाजाराला जायच्या आधी.

दिवाळ्याच्या धक्क्यावर आम्ही एका काकांना विचारलं होतं, की जाळ्यात आलेलं प्लास्टिक तुम्ही परत पाण्यात का टाकता? त्यांनी शांतपणे विचारलं, की किनाऱ्यावर आणलं तर ते न्यायला कोण येतं? त्या दिवसापासून आम्ही कोळीवाड्यात उपदेश करायला जात नाही. धक्क्याजवळ कचरा ठेवायला जागा असावी आणि तो नियमाने उचलला जावा, यासाठी अर्ज करायला त्यांच्याबरोबर जातो.

नायलॉनची जाळीसुद्धा प्लास्टिकच आहे, आणि तुटलेलं जाळं पाण्यात राहिलं की ते कुणी नसतानाही मासे, खेकडे मारत राहतं. हे आमच्याइतकंच कोळी बांधवही बोलतात. जुनं जाळं विकत घेणारा जवळपास कुणी असेल तर ते पाण्यात कोण कशाला टाकेल?

मग आता मासे खायचे की नाही?

आम्ही खातो. मासा साफ करताना पोटातली आतडी काढून टाकली जातात आणि गिळलेले कण मुख्यतः तिथेच असतात. तिसऱ्या, कालवं, जवळा असं जे अख्खं खाल्लं जातं, त्यात आतलंही आपल्या पोटात जातं. पण माशावर राग धरून काय करणार? प्लास्टिकचे कण पिण्याच्या पाण्यात, मिठात आणि हवेतही सापडले आहेत.

तब्येतीवरचा परिणाम हा अजून चालू असलेला शोध आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतला साका, म्हणजे आत साचलेला चरबीचा थर, काढलेल्या २५७ रुग्णांचा सुमारे तीन वर्षं पाठपुरावा केला होता. ज्यांच्या साक्यात प्लास्टिकचे कण सापडले, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण साडेचार पटींच्या आसपास जास्त होतं. यावरून प्लास्टिकनेच झटका आला असं सिद्ध होत नाही. काळजी वाटावी एवढं मात्र नक्कीच आहे.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे नेमकं काय?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा. मोठ्या वस्तू उन्हाने तुटून बरेचसे बनतात. पॉलिस्टरचे कपडे धुताना निघणारे धागे सांडपाण्यातून जातात. ठाणे-बेलापूर रोडवर झिजणाऱ्या टायरांची भुकटी पहिल्या पावसात नाल्यात उतरते.

आणखी एक प्रकार औद्योगिक पट्ट्याजवळ राहणाऱ्यांनी ओळखायला हवा, तो म्हणजे दाणा. मसुराएवढे पांढरे किंवा रंगीत गोळे. प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यांचा हा कच्चा माल. गोणी उतरवताना सांडला, झाडून गटारात लोटला, की तो खाडीत. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज बुडालं, तेव्हा असाच दाणा मैलोन्‌मैल वाळूत मिसळला आणि स्वयंसेवकांना तो चाळून चाळून वेचावा लागला. तुम्ही अशा कारखान्यात काम करत असाल तर सांडलेला दाणा धुऊन काढण्याऐवजी झाडून परत गोणीत भरा आणि गटाराच्या तोंडाला बारीक जाळी लावून घ्या. खर्च नगण्य आहे. आपल्या भागात आमच्यासारखे शंभर जण रविवारी जेवढं करू शकतात, त्याहून जास्त असा एक सुपरवायझर करू शकतो.

पिशवी कुजायला ५०० वर्षं लागतात, हे खरं?

पूर्णपणे कृत्रिम प्लास्टिक निघून अजून सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत. बेकेलाइट १९०७ चं. त्यामुळे कुणी ५०० वर्षं थांबून पाहिलेलं नाही, तो अंदाज आहे. ते कुजत नाही, तुकडे होत जातात, एवढं लक्षात ठेवा.

प्लास्टिकबंदी झाली होती ना? मग बाजारात पिशव्या कुठून येतात?

बंदी आजही आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला अधिसूचना काढली आणि त्या वर्षीच्या २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० व तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, फुग्यांच्या आणि कानकोरण्यांच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ आवरण अशा वस्तूंवर देशभर बंदी घातली. देशात इतरत्र १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग चालत नाही. आपल्या राज्यात तर कॅरीबॅगवरच बंदी आहे. ‘जाड आहे, चालते’ असं दुकानदार म्हणाला तर ते बरोबर नाही.

तरी पिशव्या येतात, कारण त्या बनतात आणि गाड्या भरून येतात. धाड पडते ती बहुतेक टोपली घेऊन बसलेल्या भाजीवालीवर. गोदामांवरही कारवाया होतात आणि माल पकडला जातो, पण आठवडाभराने बाजारात पुन्हा तेच. भाजीवालीला विचारलं तर ती म्हणते, पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जातं. तिचं म्हणणं चुकीचं नाही. आपण रिकाम्या हाताने बाजारात जातो, म्हणून तिला पिशवी विकत आणून आपल्याला फुकट द्यावी लागते. तिच्यावर ओरडू नका. पिशवी घेऊन जा, आणि कोथिंबीर, मिरच्या, आलं एकातच घ्या.

घाऊक साठा कुठे दिसला तर नवी मुंबईत विभाग कार्यालयाला आणि ठाण्यात प्रभाग समितीला लेखी कळवा, फोटो आणि जागेचा पत्ता देऊन.

‘बायोडिग्रेडेबल’ किंवा ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी चालेल ना?

खाडीसाठी नाही. कंपोस्ट होणाऱ्या बऱ्याच पिशव्यांना कारखान्यातल्या खतखड्याची ५५-६० अंशांची उष्णता लागते. खाडीच्या पाण्यात ती कधी मिळणार? आणि ‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द काही ठिकाणी नुसता छापलेला असतो. त्यातला एक प्रकार फक्त लवकर चुरा होतो.

कापडी पिशव्या वाटल्या तर?

कृपया नव्या छापून वाटू नका. कापूस पिकवायला, कापड विणायला पाणी आणि वीज लागते. कापडी पिशवी शंभरदा वापरली तरच ती घेतल्याचा उपयोग. प्रत्येक घरात कार्यक्रमांत मिळालेल्या दहा-पंधरा पिशव्या पडून असतात. जुन्या साडीची, चादरीची पिशवी शिवून घ्या, एक गाडीच्या डिकीत, एक ऑफिसच्या बॅगेत.

आम्ही ओला-सुका वेगळा देतो, पण गाडीत सगळं एकत्रच टाकतात. मग उपयोग काय?

हा राग आम्हालाही आहे. आमच्या एका सदस्याच्या सोसायटीत वर्षभर मेहनत करून वर्गीकरण बसवलं आणि गाडीवाल्याने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही डबे एकाच खणात रिकामे केले. बायका रडायच्या बाकी होत्या. त्यानंतर त्यांनी व्हिडिओसह तक्रार केली, पाठपुरावा केला, आणि दोन महिन्यांनी वेगळ्या खणाची गाडी आली. तक्रार न करता वर्गीकरण सोडलं असतं तर तीही आली नसती.

वेगळं देण्याचा फायदा सर्वांत आधी कचरावेचक ताईंना होतो. आमटीत भिजलेली बाटली आणि कोरडी बाटली यांना भंगारवाल्याकडे एकच भाव मिळत नाही. पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, डबे यांना भाव आहे, म्हणून ते खाडीत जाण्याआधी कुणीतरी वेचतं. वेफर्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूचे पाऊच, गुटख्याच्या पुड्या अनेक थरांच्या असतात आणि त्यांना जवळजवळ कुणी विचारत नाही. कांदळवनात सगळ्यात जास्त हीच मिळतात. जगात २०१५ पर्यंत जेवढा प्लास्टिकचा कचरा झाला त्यातला फक्त ९ टक्के पुन्हा वापरात आला होता. त्यामुळे ‘रिसायकल होईल’ या भरवशावर काही विकत घेऊ नका.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून तुकडा वेगळा करू नका. थोडं कापून तो पिशवीलाच राहू द्या. तो सुटा त्रिकोण कुठलाच वेचक उचलू शकत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात रोज किती पिशव्या कापल्या जातात, याचा विचार करा.

देवाचं निर्माल्य वाहत्या पाण्यातच सोडायचं असतं. त्याचं काय?

श्रद्धेबद्दल आमचं काहीही म्हणणं नाही, आमच्या घरीही रोज पूजा होते. फुलं पाण्यात जातात, कुजतात. त्रास होतो तो ज्या पिशवीत बांधून आपण पुलावरून टाकतो तिचा. वाशीच्या पुलावर जाळ्या लावाव्या लागल्या त्या यासाठीच. देवाची फुलं प्लास्टिकमध्ये कोंडून चिखलात कुजवणं ही देवाची सेवा होईल का, एवढंच आम्ही विचारतो. निर्माल्य कलशात द्या, नाहीतर कुंडीतल्या मातीत मिसळा. तुळस छान वाढते. ठाणे शहराने कृत्रिम तलावातलं विसर्जन फार आधी सुरू केलं, तेव्हा लोक कुरकुरले होते. आज कितीतरी कुटुंबं आपणहून तिकडे जातात.

ही जबाबदारी कंपन्यांची आणि सरकारची नाही का? आम्हा सामान्यांनाच का सांगता?

त्यांची आहेच, आणि आपल्यापेक्षा मोठी आहे. जो पाकीट बनवतो त्याने ते परत गोळा करण्याची व्यवस्था करावी, हे तत्त्व आपल्या २०१६ च्या नियमांत आहे आणि २०२२ मध्ये त्याला उद्दिष्टं जोडली गेली. जागतिक करारासाठी २०२२ पासून बोलणी चालू आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनेव्हात सगळे देश जमले आणि एकमत न होता परतले. अडलं ते मुख्यतः उत्पादनच कमी करायचं का, या प्रश्नावर.

आपण नागरिक म्हणून दोन्ही करतो. नगरसेवक मत मागायला आला की त्याला धारण तलावाबद्दल विचारतो, नालेसफाईचा गाळ पाऊस पडायच्या आत उचलला का ते जाऊन पाहतो, कारण काठावर ठेवलेला गाळ पहिल्या सरीत पुन्हा नाल्यात जातो. आणि घरी जाताना पिशवी नाकारतो.

खाडीच्या तोंडाशी जाळी लावली तर सगळा कचरा अडणार नाही का?

नाल्यांवर तरंगते अडसर लावणं चांगलंच आहे. तरंगणारं त्यात अडतं, बुडालेलं खालून जातं. अडलेलं रोज काढावं लागतं, नाहीतर तो बांध होऊन पाणी मागे तुंबतं.

सोसायटीने सुरुवात कुठून करावी?

कार्यक्रमांपासून. रोजच्या सवयी बदलायला वेळ लागतो, पण गणपतीचा महाप्रसाद, सत्यनारायण, कोजागिरी हे कार्यक्रम सोसायटीच्या हातात असतात. वर्गणीतून एकदाच स्टीलची शंभर ताटं, वाट्या, पेले घ्या आणि सभासदांच्या घरच्या कार्यांनाही तेच द्या. धुण्याच्या मजुरीची तरतूद आधी करा, नाहीतर ते काम ठरावीक बायकांच्या अंगावर येतं आणि दुसऱ्या वर्षी ताटं कपाटात जातात. हा आमचा अनुभव आहे.

दुसरं, संक्रांतीचं वाण. दरवर्षी प्लास्टिकचे डबे, चाळण्या, फुलपात्रं वाटली जातात आणि बरीचशी वापरलीच जात नाहीत. नेरूळच्या एका इमारतीत सगळ्या जणींनी ठरवून मूठभर तीळ, गूळ आणि एक-एक रोप असं वाण दिलं. पुढच्या वर्षी शेजारच्या इमारतीने विचारलं, रोपं कुठून आणली?

आम्हाला तुमच्याबरोबर सफाईला यायचं आहे. काय आणायचं?

गमबूट, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, टोपी आणि घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं, कारण चिखलात काचा आणि सुया असतात. बारा वर्षांखालच्या मुलांना आम्ही काठावर वर्गीकरणाला बसवतो, चिखलात उतरवत नाही. कांदळवन हे वनखात्याच्या अखत्यारीतलं आहे, त्यामुळे परवानगी घेतल्याशिवाय कुणीही परस्पर आत जाऊ नये.

आत गेल्यावर श्वसनमुळांवर पाय देऊ नका, जिथे आधीची पाऊलवाट आहे तिथूनच चाला. मुळांत गुंतलेली पिशवी जोर लावून ओढू नका. मूळ तुटण्यापेक्षा पिशवी कात्रीने कापून निघेल तेवढीच काढा. चिंबोरीच्या बिळात हात घालू नका. गोळा केलेलं ओलं प्लास्टिक वजनाला भारी होतं, म्हणून पोतं अर्धंच भरा.

वेळ दर महिन्याला बदलते, कारण ती आम्ही ठरवत नाही. ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड तास आधी उतरतो आणि पाणी वळताना दिसलं की हातातलं पोतं भरलेलं असो वा नसो, सगळे काठावर येतो.